डाळिंबाच्या पिशवीतून खरोखर भाजी आणता येते का?

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते आहे. क्रोशाने विणलेली आणि घडी घातली की तिच्याच तळाशी विणलेल्या, मुठीपेक्षा थोड्या मोठ्या डाळिंबाच्या आकाराच्या खोळीत मावणारी माझी पिशवी ज्यांनी ज्यांनी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांनी आधी ती हातात घेऊन उलटसुलट केली, दोरी सैल करून आतली जाळी बाहेर काढली आणि मग तुमचाच प्रश्न विचारला: ही शोभेची वस्तू आहे, की हिच्यातून खरोखर बाजार करता येतो? बाजार करता येतो. तीन-साडेतीन किलो भाजी घेऊन मी या पिशवीसह मंडईतून घरी चालत येते. मात्र तसे करता यावे म्हणून पहिल्या टाक्यापासून काही निर्णय घ्यावे लागतात, आणि फळ कोणते निवडायचे हादेखील त्यांतलाच एक निर्णय आहे.

प्रश्न स्वाभाविक आहे, कारण आपल्या घरांत क्रोशाकाम आले ते ताटावरचा रुमाल, दाराचे तोरण, टेबलावरचे आच्छादन आणि पाण्याच्या भांड्यावर घालायची, कडेला मणी ओवलेली जाळी या रूपांत. यांतल्या कशावरही वजन पडत नाही. त्यामुळे क्रोशाची वीण नाजूक असते असा समज पक्का झाला आहे. वास्तविक जाळीत ओझे वाहणे ही फार जुनी आणि जगभर रूढ असलेली रीत आहे. कोळ्याच्या जाळ्यापासून फ्रान्स आणि सोव्हिएत संघातल्या गृहिणींच्या बाजाराच्या जाळीदार पिशव्यांपर्यंत तिची उदाहरणे आहेत, आणि त्या पिशव्याही रिकाम्या असताना खिशात मावत असत.

आधी धाग्याविषयी, कारण पुष्कळ जणी इथेच घरात उरलेली लोकर घेऊन बसतात. अ‍ॅक्रिलिक लोकर रंगांना छान असते आणि हाताला मऊ लागते, पण तिला ओढ बसली की ती लांबते आणि पूर्ववत होत नाही. दोन किलो बटाटे घातलेली लोकरीची जाळी गुडघ्याला लागू लागते. पिशवीसाठी सुती दोराच घ्यावा. सुताचा एक गुण आपण सहसा लक्षात घेत नाही: भिजल्यावर त्याची ताकद घटत नाही, उलट थोडी वाढते. पालेभाजीच्या जुडीतून पाणी टपकत असते आणि पावसाळ्यात पिशवी भिजल्याशिवाय घरी येतच नाही, म्हणून हा गुण इथे मोलाचा आहे. त्यातही मर्सराइज्ड दोरा मिळाला तर उत्तम. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करण्याचे पेटंट 1850 साली घेतले, आणि दोरा ताणून धरून हीच प्रक्रिया केली तर त्याला रेशमासारखी चकाकी येते हे होरेस लो यांनी 1890च्या सुमारास दाखवून दिले. या प्रक्रियेने दोरा मजबूत होतो आणि रंग खोलवर धरतो. क्रोशाच्या गुंडीवर जी झळाळी दिसते ती तिथून आलेली आहे, आणि डाळिंबाच्या सालीला नेमकी तीच झळाळी लागते. जाड चार पदरी दोरा आणि जाळीसाठी 3 मिलिमीटरची सुई असा माझा हिशेब आहे. तळ आणि पट्टा यांसाठी मी 2.5 मिलिमीटरची सुई घेते, कारण तिथे वीण घट्ट हवी. संपूर्ण पिशवीला साधारण 100 ते 125 ग्रॅम दोरा पुरतो.

आता घडीविषयी. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशव्या बहुतेक घरांत दारामागच्या खुंटीवर टांगलेल्या आहेत, आणि भाजीवाल्यासमोर उभे राहिल्यावर आठवते ते हेच, की त्या खुंटीवरच राहिल्या आहेत. पिशवी पर्समध्ये कायमची राहिली तरच ती ऐनवेळी हाताशी येते, आणि कापडाची घडी पर्समध्ये दोन दिवसांत उलगडून किल्ल्या आणि पेन यांच्यात गुंतते. म्हणून घडीला स्वतःचे घर असावे लागते, तोंड आवळता येईल असे. ते घर फळाचे केले की हात पर्समध्ये न बघताही ते ओळखतो. शिवाय ते देखणे असल्यामुळे काम झाल्यावर पिशवी पुन्हा त्यात भरून ठेवण्याचा कंटाळा येत नाही, आणि घडीच्या पिशव्या वापरातून जातात त्या मुख्यतः या कंटाळ्यापायीच.

बहुतेक जणी स्ट्रॉबेरी विणतात. वर रुंद आणि खाली निमुळता असा तिचा आकार जाळी भरायला सोयीचा असतो, आणि हिरव्या पाकळ्यांखाली दोरी लपते. आंबा आपल्याला कितीही प्रिय असला तरी या कामाला तो योग्य नाही, कारण तो एका अंगाने झुकलेला असतो आणि देठाशी अरुंद, त्यामुळे तोंड कुठेही ठेवले तरी भरलेली पिशवी आंब्यासारखी दिसत नाही. सीताफळाचे डोळे पॉपकॉर्न टाक्याने (एकाच घरात अनेक खांब घालून केलेल्या फुगीर टाक्याने) हुबेहूब उठतात, तेही मी विणलेले आहे, मात्र त्याच्या उंचसखल पृष्ठभागाला दोरा फार लागतो आणि पर्समध्ये ते जागा अडवते. डाळिंबाइतके सोयीचे फळ मला दुसरे सापडलेले नाही. ते जवळजवळ गोल असते, त्याची साल चिवट असते, आणि मुख्य म्हणजे त्याला मुकुट असतो. पिशवीचे तोंड दोरीने आवळले की दोरीच्या वर विणीचा जो भाग उभा राहतो, तो इतर फळांत कसा झाकायचा हा प्रश्न पडतो. डाळिंबात त्याची टोके काढली की मुकुट तयार होतो.

रंगाचेही तसेच. बाहेरची साल भगव्या जातीच्या डाळिंबासारखी लालसर केशरी घ्यावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली ही जात आता सोलापूर, नाशिक, सांगली भागांतून सर्वत्र जाते, म्हणून डोळ्यांसमोर डाळिंब आणले की बहुतेकांना हाच रंग दिसतो. ज्यांना पूर्वीच्या गणेश जातीची पिवळसर गुलाबी साल आवडते त्यांनी ती घ्यावी; ती कमी भडक आणि माझ्या मते अधिक सुंदर आहे. आतली जाळी मात्र दाण्यांच्या गडद माणकासारख्या लाल रंगाची असावी, म्हणजे मुकुट सैल करून जाळी बाहेर ओढताना फळ फोडल्यासारखे दिसते. लाल दोऱ्याचा रंग उतरतो का हे विणण्यापूर्वीच वीतभर तुकडा पांढऱ्या कपड्यात गुंडाळून, भिजवून पाहावे.

फळाचा तळ मुक्या खांबांनी, म्हणजे क्रोशाच्या आखूड, घट्ट टाक्यांनी (सिंगल क्रोशे) गोल विणायचा. सुरुवातीच्या वेढ्यात 6 मुके खांब घालून पुढच्या प्रत्येक फेरीत 6 वाढवत 72 पर्यंत जायचे. वाढवण्याची जागा दर फेरीत एकावर एक येऊ दिली तर गोलाला सहा पुसट कोपरे पडतात. रुमाल विणताना आपण ते टाळण्यासाठी वाढवण्याच्या जागा पुढेमागे करतो. इथे ते तसेच राहू द्यावेत, कारण खरे डाळिंबही हातात फिरवून पाहिले तर पूर्ण गोल नसते, त्याच्या अंगाला हलके कोपरे असतात. 72 मुके खांब झाल्यावर न वाढवता बारा-तेरा फेऱ्या सरळ घ्यायच्या, मग दोन फेऱ्यांत घटवून 60 वर यायचे. याहून तोंड लहान केले तर जाळी भरताना बोटे आत जात नाहीत. 60 वर एक फेरी एक खांब (मुक्या खांबाहून उंच टाका), एक साखळी, एक घर सोडून पुन्हा खांब अशी घ्यायची, म्हणजे दोरी ओवायला भोके मिळतात. त्यानंतर दहा-दहा घरांचे सहा भाग करून प्रत्येक भागात मुक्या खांबापासून चढत लांब खांबापर्यंत जाऊन पुन्हा उतरायचे. या सहा टोकांचा मुकुट दोरी ओढताच आपोआप उभा राहतो.

जाळी फळाला कुठे जोडायची यावर पिशवीचे सगळे बळ अवलंबून आहे. पुष्कळ नमुन्यांत फळ वेगळे विणून पिशवीच्या काठाला एका बाजूने शिवतात. ते दिसायला बरे असते, पण भरलेली पिशवी घेऊन चालताना फळ बाहेर लोंबकळत राहते आणि पिशवीचा तळ जाळीचाच राहिल्यामुळे लिंबे आणि मिरच्या तिथून सुटतात. मी फळाचा तळ हाच पिशवीचा तळ करते. फळाच्या आतून, 72 मुक्या खांबांच्या पहिल्या सरळ फेरीवर जाळी सुरू करायची. इथे एक काळजी घ्यावी. टाक्याच्या माथ्यावर दोऱ्याचे दोन पदर असतात, आणि त्यांतला आतला एकच पदर उचलून जाळी सुरू करणे सोपे वाटते, पण मग सारे ओझे त्या एका पदरावर येते आणि काही महिन्यांत तिथे वीण ओढली जाऊन भोके मोठी होतात. त्याऐवजी सुई मुक्या खांबाच्या अंगाभोवती घालून, संपूर्ण खांब कवेत घेऊन दोरा काढावा. हात अवघडतो, वेळही लागतो, तरी ही फेरी अशीच विणावी. पिशवी उघडली की डाळिंबाची भिंत आणि मुकुट तळाभोवती बाहेरून पेल्यासारखे राहतात, आणि वजन घट्ट विणलेल्या तळावर उतरते.

जाळीसाठी दर तिसऱ्या घरात अडकवत पाच-पाच साखळ्यांच्या 24 कमानी घ्यायच्या आणि पुढच्या प्रत्येक फेरीत नवी कमान मागच्या कमानीच्या मध्यावर मुक्या खांबाने धरायची. अशी तिरकी जाळी चारी दिशांना पसरते, म्हणून रिकामी असताना ती लहान राहते आणि भरली की मोठी होते. सात साखळ्यांच्या कमानी घेतल्या तर काम भराभर होते, पण भोकांतून वांग्याचे देठ बाहेर येतात आणि मोड आलेला कांदा अडकतो. उंची ठरवताना मोह आवरावा लागतो. रिकामी जाळी हाताला आखूड वाटते आणि अजून चार फेऱ्या घ्याव्यात असे वाटत राहते. वीस-बावीस फेऱ्यांवर थांबावे, कारण वजनाने ती बरीच उतरते.

वरचा काठ प्रत्येक कमानीत तीन मुके खांब घालून बांधायचा आणि त्यावर आणखी चार घट्ट फेऱ्या घ्यायच्या. खांद्याचा पट्टा सहा मुक्या खांबांचा पुरतो, मात्र त्याच्या दोन्ही कडांना नुसत्या ओढून घेतलेल्या टाक्यांची (स्लिप स्टिच) एक-एक ओळ लावावी. ती ओळ पट्ट्याला लांबू देत नाही. पट्टा काठाला टोकाशी चिकटवून सोडू नये. काठाच्या दहा-बारा घरांवर तो पसरून विणून घेतला, की ओढ एका जागी न येता वाटली जाते.

दोऱ्याची टोके हा कंटाळवाणा भाग आहे, आणि चांगल्या विणलेल्या पिशव्याही इथेच उसवतात. मर्सराइज्ड दोरा गुळगुळीत असल्यामुळे एका दिशेने ओवलेले टोक ओझ्याखाली हळूहळू सुटत येते. ते जाड सुईने आधी एका दिशेला, मग उलट आणि पुन्हा आडवे असे तीनदा ओवावे. नवी गुंडी जोडायची वेळ आली तर ती तळात किंवा काठात जोडावी, जाळीच्या मध्यात गाठ येऊ देऊ नये. लाल दोऱ्याची नवी गुंडी घेऊनच जाळीला सुरुवात केली तर हा प्रसंग सहसा येत नाही.

या पिशवीत काय आणू नये हेही सांगायला हवे, नाहीतर उत्तर अपुरे राहील. सुटे वाटाण्याचे दाणे, लसणाच्या पाकळ्या, सुटे धान्य, छोटी बोरे ही तिची कामे नाहीत. बटाटे, टोमॅटो, काकड्या, दुधी, फ्लॉवर, केळी, नारळ आणि सगळ्या जुड्या ती आनंदाने घेते. कांदेबटाटे तळाला, वर फळभाज्या आणि कोथिंबीर सर्वांत वर हा क्रम इतर पिशव्यांसारखाच. मिरच्या आणि लिंबांसाठी मी एक छोटी कापडी पिशवी आतच ठेवते, ती घडीबरोबर फळात मावते. तळ जमिनीवर टेकतो, म्हणून तो मळतो; कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन, हाताने आकार देऊन सावलीत सपाट पसरावे, टांगू नये. धुतल्यावर ओढलेली जाळी बरीचशी मूळ मापावर येते. भिजलेली पिशवी मात्र फळात भरू नये. आतल्या ओलीने सुताला एका रात्रीत कुबट वास येतो आणि दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते पुढे कितीही धुतले तरी जात नाहीत.