कंपने मोजणाऱ्या चिपमधील फिल्टर लहान करताना: माझा अनुभव

एम. ई.च्या प्रबंधासाठी मी मोटारीची कंपने मोजणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणातील डिजिटल फिल्टर हा विषय घेतला. काम थोडक्यात असे होते: सेन्सरकडून दर सेकंदाला १६,००० सॅम्पल (क्षणाक्षणाची मोजमापे) येतात, त्यांतील १,००० हर्ट्झपर्यंतचा भाग शाबूत ठेवायचा, उरलेला गाळायचा आणि पुढे सेकंदाला ४,००० सॅम्पलच पाठवायचे. हे करताना चिपवरची जागा आणि वीज दोन्ही शक्य तितकी वाचवायची होती. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने ब्लोअरच्या दोन हॉर्सपॉवरच्या मोटारीवर सेन्सर बसवू दिला, त्यामुळे मला सुरुवातीपासून खऱ्या मोटारीचा डेटा मिळाला. या डेटाचे महत्त्व पुढे माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त ठरले.

डिजिटल सर्किटचा चालू असतानाचा वीजखर्च चार गोष्टींवर ठरतो: बिट किती वेळा बदलतात, प्रत्येक बदलाला किती कपॅसिटन्स भरावा लागतो, व्होल्टेजचा वर्ग आणि क्लॉकची गती. व्होल्टेज वर्गात असल्यामुळे १.८ व्होल्टवरून १.२ व्होल्टवर आले की हा खर्च निम्म्याहून खाली, सुमारे ४४ टक्क्यांवर येतो. त्यामुळे पहिला मोह व्होल्टेजचाच होतो. पण मी वापरत होते ती स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीची १३० नॅनोमीटरची खुली सेल लायब्ररी (चिप रचण्यासाठीच्या तयार घटकांचा संच) होती, आणि ज्या व्होल्टेजसाठी सेलची आकडेवारी दिलेली आहे त्याच्या बाहेर जाऊन काढलेला निष्कर्ष मला प्रबंधात मांडायचा नव्हता. तो मार्ग मी बाजूला ठेवला. ही लायब्ररी २०२० मध्ये खुली झाली आणि योसिससारखे सिंथेसिसचे, म्हणजे लिहिलेल्या वर्णनातून सर्किट तयार करण्याचे, साधनही मोफत आहे, म्हणून हे सारे काम नाशिकमध्ये घरच्या संगणकावर होऊ शकले. महागडे परवाने असलेल्या प्रयोगशाळेची वाट पाहावी लागली नाही, याचे मोल मला फार वाटते.

सर्वांत मोठी बचत व्हेरिलॉगची (सर्किटचे वर्णन लिहिण्याच्या भाषेची) एक ओळही लिहिण्याआधी झाली. मिळालेल्या मागणीपत्रात १,००० हर्ट्झपर्यंत सिग्नल जसाच्या तसा आणि १,२०० हर्ट्झपासून पुढे ६० डेसिबलने कमी, अशी अट होती. असा फिल्टर अलीकडच्या काही सॅम्पलना प्रत्येकी एका ठरलेल्या संख्येने, म्हणजे सहगुणकाने, गुणून त्यांची बेरीज करतो; अशा प्रत्येक जागेला टॅप म्हणतात. टॅपच्या संख्येचा अंदाज बांधण्यासाठी सिग्नल प्रोसेसिंगचे अभ्यासक फ्रेड हॅरिस यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. हव्या असलेल्या डेसिबलना २२ ने भागायचे आणि मग दोन सीमांमधील अंतराचे सॅम्पलिंगच्या गतीशी जे प्रमाण असेल त्याने भागायचे. इथे अंतर २०० हर्ट्झ, म्हणजे १६,००० च्या तुलनेत ०.०१२५, आणि उत्तर सुमारे २१८ टॅप. प्रत्येक सॅम्पलला एवढे गुणाकार धरले तर सेकंदाला जवळजवळ ३५ लाख गुणाकार होतात, आणि सहगुणकांच्या सममितीचा फायदा घेतला तरी साडेसतरा लाख उरतात.

मग ही १,२०० ची अट कशासाठी, हे विचारायला मी कारखान्यात गेले. फोरमनकाकांचे उत्तर सरळ होते: "ताई, बेअरिंग जायच्या आधी चार दिवस कळलं तरी पुरे. मोटार बसली की सगळी लाइन बसते." त्या मोटारीत ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग आहे, त्यात नऊ गोळ्या असतात आणि बाहेरच्या कड्यावर इजा झाली की शाफ्टच्या एका फेऱ्यात साधारण ३.५८ ठोके पडतात. मिनिटाला १,४४० फेरे म्हणजे सेकंदाला २४, तेव्हा ठोक्यांची फ्रीक्वेन्सी सुमारे ८६ हर्ट्झ, आणि तिच्या अकरा पटींपर्यंतच्या खुणा १,००० हर्ट्झच्या आत बसतात. अगदी सुरुवातीचे सूक्ष्म दोष काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आधी दिसतात हे खरे, पण ते टिपणारे उपकरण वेगळे आणि माझ्या प्रबंधाच्या कक्षेबाहेरचे आहे.

म्हणजे कामाचा भाग फक्त १,००० पर्यंतचा. सॅम्पलची गती कमी केली की वरच्या फ्रीक्वेन्सी खालच्या असल्यासारख्या दिसू लागतात, यालाच मी घडी पडणे म्हणते. ४,००० च्या गतीवर उतरताना त्या भागात घडी पडून मिसळू शकते ते ३,००० हर्ट्झच्या पुढचे. २,००० ते ३,००० मधले जे आहे ते घडी पडून १,००० ते २,००० मध्ये येते, आणि तिकडे आपण पाहतच नाही. अट १,२०० वरून ३,००० वर नेताच त्याच ठोकताळ्याने टॅप २२ वर आले. प्रत्यक्ष आखणीत त्याहून थोडे जास्त लागतात. मार्गदर्शक सरांनी हा बदल लगेच मान्य केला नाही. सहगुणक, घडीचा नकाशा आणि कारखान्याची गरज अशा तिन्ही गोष्टी लेखी मांडल्यावरच त्यांनी सही केली, आणि ते योग्यच होते, कारण फिल्टरची अट सैल करणे म्हणजे कोणीतरी मागितलेली गोष्ट न देणे असते.

त्यानंतर एकाच टप्प्यात चौथाई करण्याऐवजी दोनदा निम्मे करायचे ठरवले. निम्मे करणाऱ्या हाफबँड फिल्टरमध्ये मधला सहगुणक सोडला तर एकाआड एक सहगुणक शून्य असतो, मधला नेमका अर्धा असतो आणि बाकीचे दोन्ही बाजूंना सारखे असतात. पहिल्या टप्प्याला ११ टॅप पुरले, म्हणजे तीनच खरे गुणाकार. दुसऱ्याला १५ टॅप, म्हणजे चार. जे सॅम्पल पुढे टाकूनच द्यायचे आहे त्याचे उत्तर काढायचेच नाही, अशी मांडणी केल्याने सेकंदाला २४,००० अधिक १६,००० असे ४०,००० गुणाकार राहिले.

या सातांपैकी एकासाठीही मला मल्टिप्लायर, म्हणजे गुणाकाराचे वेगळे सर्किट, ठेवायचा नव्हता. सहगुणक ठरलेला असेल तर गुणाकार म्हणजे सरकवणे आणि बेरीज, आणि चिपमध्ये सरकवायला तारा जोडण्यापलीकडे काही लागत नाही. हिशेब दाखवण्यासाठी २३१ घेते. बायनरीत तो १११००१११, सहा एक, म्हणजे पाच ॲडर (बेरीज-वजाबाकीची सर्किटे). वजाबाकीची मुभा घेतली तर २३१ म्हणजे २५६ उणे ३२ अधिक ८ उणे १, चार पदे, तीन ॲडर. कोणतेही दोन शेजारचे अंक शून्येतर नसलेल्या या लेखनात सरासरी एक तृतीयांशच अंक शून्येतर उरतात, बायनरीत ते निम्मे असतात. पण २३१ म्हणजे ७ गुणिले ३३ हेही आहे: आधी ८ पटीतून एक पट वजा करून सातपट करा, मग तीच सातपट ३२ पटीने सरकवून स्वतःत मिळवा. दोन ॲडरमध्ये काम झाले. सातही सहगुणकांची अशी मोड मी हातानेच केली. प्रत्येकाच्या आसपासच्या संख्या तपासायच्या, जी स्वस्त पडेल ती घ्यायची आणि ६० डेसिबलची अट अजून पाळली जाते का ते ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमध्ये पाहायचे. प्रबंधातला हा भाग मला सर्वांत आवडला.

वीज मोजताना यादृच्छिक आकडे देऊन काढलेला अंदाज आणि मोटारीच्या डेटावर काढलेला अंदाज जुळेनात. कारण आकड्यांच्या लेखनात होते. ऋण संख्या लिहिण्याच्या टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीत १२ बिटांचे शून्य म्हणजे बारा शून्ये आणि उणे एक म्हणजे बारा एक. हलके कंपन शून्याच्या अलीकडे-पलीकडे होत राहते तेव्हा मूल्य एकाने बदलते आणि बाराही बिट उलटतात. सेन्सर असा बसवला, की त्याचा अक्ष उभा राहील, तर गुरुत्वाकर्षणामुळे मूल्य शून्यापासून दूर सरकते आणि वरचे बिट शांत राहतात; आडवा बसवला तर नाही. बसवणाऱ्यावर अवलंबून न राहता मी आत येणाऱ्या प्रत्येक सॅम्पलमध्ये एक स्थिर संख्या मिळवली आणि शेवटी ती वजा केली. त्यासाठी सहगुणकांची बेरीज नेमकी दोनच्या घातात बसवावी लागली, नाहीतर ती संख्या बाहेर पडताना बदलली असती.

एका ठिकाणी मात्र जागा आणि वीज यांनी एकमेकांविरुद्ध ओढले. क्लॉकला इतकी सवड होती की एकच ॲडर आळीपाळीने सगळ्या सहगुणकांसाठी वापरता आला असता आणि जागा आणखी कमी झाली असती. पण तसे केल्यावर त्या ॲडरसमोर दर खेपेला वेगळ्या काळाचे, एकमेकांशी संबंध नसलेले आकडे येतात, बिटांची उलथापालथ वाढते, शिवाय निवड करणारे मल्टिप्लेक्सर लागतात. उपकरण बॅटरीवर चालणारे असल्याने मी वेगवेगळे ॲडर ठेवले आणि क्लॉक दुसऱ्या टप्प्याकडे लागेल तेव्हाच सोडला. मल्टिप्लायर गेल्यानंतर उरलेल्या जागेत मोठा वाटा सॅम्पल धरून ठेवणाऱ्या रजिस्टरांचाच होता. १२ बिट खाली आणले असते तर तीही कमी झाली असती, पण त्याने हलकी कंपने गोंगाटात बुडाली असती, म्हणून तिथे मी हात लावला नाही.

शेवटची परीक्षा काकांनी काढून ठेवलेल्या, बाहेरच्या कड्यावर चरा पडलेल्या बेअरिंगची होती. ते पुन्हा बसवून घेतलेला डेटा मी मूळ २१८ टॅपच्या प्रतिमानातून आणि माझ्या दोन टप्प्यांच्या सर्किटमधून चालवला. ८६, १७२ आणि २५८ हर्ट्झचे उंचवटे दोन्हींत त्याच जागी आणि, वाचनाच्या अचूकतेत, त्याच उंचीचे आले. त्यानंतरच मी क्षेत्रफळाचा तक्ता प्रबंधाच्या प्रकरणात घातला.