आमची वाटचाल : जार फाइल, नोमॅड आणि तिसरा हंगाम

आमचं काम साखर कारखान्यांचं. ऊस नोंद, तोडणी-वाहतूक, वजनकाटा, पंधरवडा बिल. सगळी प्रणाली जावात लिहिलेली आणि प्रत्येक भाग एक जार फाइल, म्हणजे जावा प्रोग्रामचं एकत्र बांधलेलं गाठोडं. सुरुवातीला या जार फाइली शेल स्क्रिप्ट आणि क्रॉनवर (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) चालायच्या. एक मशीन बसलं की रात्री कुणीतरी उठून दुसऱ्यावर हातानं चढवायचं. त्यातून सुटायला आम्ही नोमॅड घेतला. कुठलं काम कोणत्या मशीनवर चालवायचं ते ठरवणारा आणि मशीन पडलं तर दुसऱ्यावर चढवणारा हा शेड्यूलर. कंटेनर बांधायचे नाहीत, आहे ती जार तशीच चालवायची, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं आणि आजही त्यावर ठाम आहोत. नोमॅडमध्ये त्यासाठी जावा ड्रायव्हर, म्हणजे जार चालवणारा भाग, आहे.

मांडणी साधी होती. कामाचं वाटप ठरवणारे तीन सर्व्हर, म्हणजे एक पडला तरी बहुमत टिकतं. कामाची क्लायंट मशीन तीन, प्रत्येकी ६४ जीबी मेमरीची. लिनक्सवर जावा ड्रायव्हरला नोमॅड रूट म्हणूनच चालवावा लागतो, कारण तो प्रत्येक कामाला सीग्रुप (मेमरी-सीपीयूची मर्यादा) आणि क्रूट (कामाला दिसणारं त्याच्यापुरतं वेगळं फोल्डर) लावतो. जॉब फाइलमध्ये आर्टिफॅक्टखाली (उतरवायची फाइल) जारचा पत्ता आणि शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइल तीच आणि पूर्ण आहे हे तपासणारा ठसा. जार 'लोकल' फोल्डरमध्ये उतरते, 'जार पाथ'मध्ये तोच रस्ता द्यायचा. चेकसम कधीही गाळू नका. अर्धवट उतरलेली जार 'करप्ट' म्हणून लगेच मरते ते परवडतं. जुनी जार नव्या नावानं चालत राहिली तर मात्र बिलं निघाल्यावर कळतं.

पंधरवडा बिलासाठी पॅरामीटराइज्ड बॅच जॉब केला, म्हणजे दर वेळी वेगळी माहिती देऊन सोडायचं आणि संपलं की थांबणारं काम. एका कारखान्याचे २८ गट. प्रत्येक गटासाठी एक डिस्पॅच (तो जॉब एकदा सोडणं), गट क्रमांक मेटामधून जारला आर्ग्युमेंट म्हणून जातो. दोन हंगाम सुरळीत गेले.

तिसऱ्या हंगामाआधी आम्ही प्रत्येक क्लायंटवर नोमॅडची डेटा डिरेक्टरी, जिथे चालू कामांची फोल्डरं असतात, ती ८० जीबीच्या वेगळ्या नव्या डिस्कवर हलवली. वेगळी डिस्क बरी, एवढाच विचार. पहिल्याच पंधरवड्याला २८ डिस्पॅच एकदम सोडले आणि अर्ध्या तासात एका मशीनची डिस्क शंभर टक्के भरली.

कारण समजायला दोन रात्री गेल्या, म्हणून सविस्तर लिहितो. क्रूट उभा करताना नोमॅड डीफॉल्टनं बिन, ईटीसी, लिब, एसबिन, यूएसआर अशी फोल्डरं प्रत्येक कामाच्या डिरेक्टरीत आणतो. डेटा डिरेक्टरी त्याच पार्टिशनवर असेल तर हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरं नाव) होतात, जागा जवळजवळ लागत नाही. पार्टिशन वेगळं असेल तर हार्ड लिंक होऊच शकत नाही, मग तो सरळ कॉपी करतो. आमचं यूएसआर सुमारे तीन जीबीचं. २८ गुणिले तीन म्हणजे ८४ जीबी. शेड्यूलरच्या हिशेबात मात्र प्रत्येक कामाची डिस्क ३०० एमबीच होती, कारण इफेमरल डिस्कचा (कामापुरती मागितलेली तात्पुरती जागा) डीफॉल्ट तेवढाच आणि आम्ही तो बदललेला नव्हता. त्यात नोमॅडचा स्वभाव बिनपॅकचा: एक मशीन भरेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. प्रत्येक कामाला दोन जीबी मेमरी मागितलेली, २८ कामांचे ५६ जीबी, म्हणजे सगळी एकाच मशीनवर मावली. अपयशी झालेली कामं मग रिशेड्यूल होऊन दुसऱ्या मशीनवर गेली आणि तिथेही भर पडत गेली. डिस्क ८० टक्क्यांवर गेली की क्लायंट साफसफाई करतो हे खरं, पण ती संपलेल्या कामांचीच. चालू कामाची डिरेक्टरी तो हलवत नाही.

उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम या धंद्यात प्रत्येकाला पाठ असतो. बिल एक दिवस अडकलं की शेतकी विभागाचा फोन थांबत नाही.

उपाय म्हणून आम्ही क्लायंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'क्रूट एन्व्ह', म्हणजे क्रूटमध्ये काय आणायचं त्याची यादी, स्वतः लिहिलं. ते लिहिलं की डीफॉल्ट यादी पूर्ण रद्द होते, हे पक्कं ध्यानात ठेवा. जेडीके (जावाची मूळ फाइली), लिब, लिब६४, ईटीसीतल्या रिझॉल्व्ह, होस्ट्स, पासवर्ड आणि एसएसएलच्या फाइली, एवढंच ठेवलं. एक काम साडेतीनशे एमबीच्या आसपास आलं. जेडीके 'ऑप्ट'मध्ये टाकणाऱ्यांना तर हे लिहावंच लागतं, कारण डीफॉल्ट यादीत ऑप्ट नाही आणि जावा सापडत नाही.

आणि आम्ही दोन गोष्टी विसरलो. यूएसआर शेअर फॉन्ट्स आणि ईटीसी फॉन्ट्स यादीत नव्हते. बिलाच्या पीडीएफवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसते चौकोन उमटले. आकडे बरोबर, कपाती बरोबर, सोसायटीची वसुली बरोबर, नाव नाही. दुसरी चूक जास्त महागात पडली. ईटीसीतली लोकलटाइम फाइल क्रूटमध्ये नसल्यामुळे जेव्हीएमनं (जार चालवणारा जावाचा प्रोग्राम) यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, धरली. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या वजनचिठ्ठ्यांवर आदल्या दिवसाची तारीख लागली. १६ तारखेच्या पहाटेचा ऊस १५ तारखेच्या पंधरवड्यात शिरला. तेव्हापासून प्रत्येक जॉबच्या जेव्हीएम ऑप्शन्समध्ये 'युजर टाइमझोन' एशिया/कोलकाता असं उघड लिहिलेलं असतं. पीरियॉडिक जॉबचा क्रॉनही मुळात यूटीसीवर चालतो, तिथेही टाइमझोन वेगळा द्यावा लागतो.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका मोठ्या कंपनीनं आमच्या ग्राहकांच्या संचालक मंडळांना पत्रं पाठवली. 'जार फाइलीवर चालणारी कालबाह्य व्यवस्था' हे त्यातले शब्द. दोन कारखाने त्यांच्याकडे गेले. ज्या रात्री आम्ही चिठ्ठ्यांच्या तारखा दुरुस्त करत बसलो होतो, त्या रात्री आमच्या नावावर ते धंदा करत होते, याची सल आजही आहे. दोष जारचा नव्हता, पार्टिशनचा होता.

तिसरा कारखाना टिकला तो तिथल्या ईडीपीच्या (संगणक विभागाच्या) साहेबांमुळे. ते म्हणाले, "काय मोडलं, का मोडलं, ते एका कागदावर लिहून द्या. मी बोर्डापुढे उभा राहतो." कागद आम्ही दिला आणि त्यांनी शब्द पाळला.

त्या कागदावरचा शेवटचा मुद्दा मेमरीचा. डिस्क सुटल्यावरही मोठ्या गटांची बिलं मरत होती, लहान गटांची निघत होती. एक्झिट कोड १३७, लॉगमध्ये एक अक्षर नाही. जॉबची मेमरी २०४८ एमबी आणि एक्सएमएक्सही २०४८, ही चूक. एक्सएमएक्स फक्त हीपची, म्हणजे प्रोग्रामचा डेटा राहतो त्या भागाची, मर्यादा आहे. मेटास्पेस, कोड कॅश, थ्रेडचे स्टॅक, डायरेक्ट बफर हे सगळं त्याच्या बाहेर. लहान गटात हीप भरतच नाही म्हणून भागतं. मोठ्या गटात हीप काठोकाठ गेला की कर्नल मारतो. लॉगमध्ये आउटऑफमेमरी एरर 'जावा हीप स्पेस' अशी दिसली तर हीप कमी आहे. नुसता १३७ असेल तर बाहेरची बेरीज चुकली आहे, आणि अशा वेळी हीप डंपही मिळत नाही. आता आम्ही एक्सएमएक्स २०४८ ला मेमरी ३०७२ देतो, मेटास्पेसला २५६ ची मर्यादा घालतो आणि एन्व्हमध्ये 'मॅलॉक अरेना मॅक्स' २ ठेवतो. एक्सएमएक्स न लिहिता सोडू नका. जेव्हीएमला मर्यादा दिसली नाही तर ती मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा हीप धरते, म्हणजे ६४ जीबीवर १६. जुन्या जावा ८ ला ८यू३७२ च्या आधी आणि ११ ला ११.०.१६ च्या आधी सीग्रुप व्ही२ कळतही नाही.

त्यानंतरचे हंगाम नीट गेले.

नव्यानं जावा ड्रायव्हर लावणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. काम थांबवताना नोमॅड इशारा देऊन पाचच सेकंद वाट पाहतो. डेटाबेसचा व्यवहार अर्धा असेल तर तेवढ्यात शटडाउन हुक (बंद होताना चालणारा आवराआवरीचा कोड) संपत नाही. किल टाइमआउट वाढवा, पण क्लायंटवरची कमाल मर्यादा ३० सेकंद आहे. त्यापुढे हवं असेल तर तीही वाढवावी लागते, नुसतं जॉबमध्ये ६० लिहून उपयोग नाही. आणि दोन आवृत्त्यांची जावा एका मशीनवर हवी असेल तर जावा ड्रायव्हरच्या नादी लागू नका. तो पाथमध्ये सापडेल ती एकच जावा घेतो. दुसरीसाठी एक्झेक ड्रायव्हर (कुठलाही प्रोग्राम चालवणारा) वापरा आणि जावाचा पूर्ण रस्ता द्या.

साहेबांच्या कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आठवडाभर आधी आम्ही अजूनही जातो. एकेक क्लायंट ड्रेन करतो (त्यावरची कामं दुसरीकडे हलवून रिकामा करतो), २८ च्या २८ गटांची गेल्या हंगामातली बिलं पुन्हा काढतो, डिस्क पाहतो आणि एका पीडीएफची प्रिंट घेऊन तिच्यावरचं नाव आणि तारीख वाचतो.