मरीयेच्या कानाला फडकं

वातींसाठी कापूस घ्यायला दुकानात गेले होते. जळगावातली डिसेंबरची दुपार. सकाळची थंडी केव्हाच पळालेली, डोक्यावर चांगलं चटचटतं ऊन. गल्ल्याशेजारी प्लास्टिकचं नाताळचं झाड उभं होतं आणि दुकानातला पोरगा कापसाचे पुंजके तोडून त्याच्या फांद्यांवर चिकटवत होता.

"हे काय रे?"

"बर्फ आहे ना काकू."

खानदेशात बर्फ पडतो तो फक्त उसाच्या रसात. पैसे देता देता मला भुसावळचे पेंटरकाका आठवले.

काका रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पेंटर. इंजिनांवरचे आकडे, पट्ट्या, 'खतरा' असली कामं. आमच्या क्वार्टरांच्या रांगेत त्यांचं घर शेवटचं. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. काकू भाकरी थापताना टिळकांची भजनं म्हणत. लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड टिळक. काका ड्युटीवरून आले की अंघोळ, चहा, आणि मग पडवीत हार्डबोर्ड भिंतीला टेकवून मांडी घालून बसत. रंग साधा ऑइलपेंट, पत्र्याच्या डबीतला. "बाजारातून आणलाय हं, वर्कशॉपचा नाही," हे कोणी न विचारताच सांगत. ब्रश उचलण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करत, आणि तेवढ्या वेळात आम्ही पोरं त्यांच्या डब्यांत काड्या बुडवून घेत असू. मला अजून टर्पेंटाइनच्या वासाने नाताळ आठवतो. केकच्या वासाने नाही आठवत.

दर नाताळला नवा येशूजन्म. एका वर्षीचा मात्र पक्का डोळ्यांपुढे आहे. बेथलेहेम म्हणजे सरळसरळ आपल्याकडचं धाब्याचं घर. मागे सातपुडा, त्याच्यावर तारा. मेंढपाळ म्हणून ठेलारी उभे केलेले, लाल फेटे, खांद्यावर घोंगडी. बरोबरच आहे, नाताळच्या सुमाराला ते मेंढरं घेऊन शिवारात उतरलेलेच असतात. गव्हाणीत ज्वारीचा कडबा, त्यावर बाळ. आणि घराच्या चहूबाजूंनी, जिथे परदेशी ग्रीटिंगवर बर्फ असतो तिथे, फुटलेला कापूस. एकेक बोंड वेगळं काढलेलं. खालच्या कोपऱ्यात एक बाई वेचणीला वाकलेली, कमरेला ओटी बांधलेली. एवढा देव जन्माला आलाय आणि ती मान वर करून बघतसुद्धा नाहीये. "मजुरी किलोवर असते," काका म्हणाले.

आई वांग्याच्या भरिताचा डबा द्यायला गेली होती. चित्रापुढे उभी राहिली आणि हात जोडायच्या ऐवजी कमरेवर ठेवले.

"अहो भाऊ, बाळंतीण आहे ना ही? कानाला फडकं नाही, शेक नाही, शेगडी नाही. उघड्या गोठ्यात बसवलीय. बाधेल की तिला!"

काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो तर मरीयेच्या पदराखालून कानाला घट्ट फडकं, हनुवटीखाली गाठ, अगदी आमच्या मावशीचं असायचं तसं. बाजेखाली शेगडी आली होती, आणि इतके दिवस नुसता काठी धरून उभा असलेला योसेफ खाली उकिडवा बसून सुपाने वारा घालत होता. "बरं झालं, त्यालाही काम मिळालं," काकू म्हणाल्या. त्यांच्याकडच्या एका पाहुण्यांना ते रुचलं नाही. शुभवर्तमानात शेगडी कुठे आहे म्हणाले. काका म्हणाले, "नाहीये. पण ओल्या बाळंतिणीला थंडी वाजते हे लूकाने वेगळं लिहायला पाहिजे होतं का?"

पुढे मोठेपणी मला आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं बघायला मिळाली. १९०२ साली गोव्यात जन्मलेले, मरीयेला साडी नेसवली म्हणून तिथल्या धर्ममंडळींचा रोष ओढवून घेतलेले. मग ते पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि १९६७ मध्ये वारले. शिकले शांतिनिकेतनात, नंदलाल बोस यांच्या हाताखाली. आणि नंदलालबाबू तरुणपणी, १९०९ च्या सुमारास, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला येऊन राहिलेले. म्हणजे बोधिसत्त्वाच्या त्या झुकलेल्या पापण्या बंगालमार्गे पुण्याच्या मरीयेपर्यंत पोचल्या असणार, असं मला आपलं वाटतं. कलासमीक्षकांनी मनावर घेऊ नये. पेंटरकाकांनी यातलं काही ऐकलेलं नव्हतं. अजिंठा त्यांनी पाहिला होता तो वर्कशॉपच्या सहलीत, आणि त्यांच्या लक्षात राहिलं होतं ते एवढंच की तिथे अंधार फार. त्याच लेण्यांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षं घालवलेला इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिल १८७९ पासून आमच्याच भुसावळात पुरलेला आहे. त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनला आगीत जळाली. शाळेत आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही तिकडे चिंचा पाडायलाच गेलो असतो.

रिटायर व्हायच्या सुमाराला काकांनी बायबलातले जगाच्या उत्पत्तीचे सात दिवस काढायला घेतले. सात सारखे हार्डबोर्ड. पहिल्या दिवशी नुसता काळोख आणि मधोमध पिवळा झोत, आम्ही ओरडलो, "इंजिनाचा हेडलाइट!" तर म्हणाले, जवळ आलात. तिसऱ्या दिवशी झाडंझुडपं, म्हणजे अर्थात केळी, घडांसकट. पाचव्याला तापी, मासे आणि बगळे. सहाव्याला म्हैस इतकी सुरेख उतरली की आदाम आणि हव्वा तिच्यामागे जेमतेम दिसत. सातवा बोर्ड पांढरा प्रायमर मारून तसाच ठेवला. अर्धवट राहिलाय का विचारलं, तर म्हणाले, "त्या दिवशी रेस्ट."

माझी तक्रार चौथ्या दिवसाबद्दल होती. बायबलात झाडं तिसऱ्या दिवशी येतात आणि सूर्य चौथ्या. म्हणजे एक दिवस सगळं छान हिरवंगार, सावलीच सावली, आणि ऊन नाहीच. भुसावळच्या माणसाला यापुढचं वाचावंसं वाटेल का? त्यात काकांनी अख्ख्या बोर्डभर सूर्य काढलेला, दोन डब्या पिवळा संपवून. चंद्र बिचारा कोपऱ्यात. मे महिना चालू होता, पारा पंचेचाळिशीच्या वर, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मी समोर बसलेली.

"काका, थोडा लहान नाही का काढता येणार?"

"काढला असता गं. पण बाहेरचा ऐकेल का?"

आणि टॉवेल परत भिजवून आण म्हणाले, येताना त्यांच्यासाठीपण एक.