करार कायदेशीर कशाने ठरतो?

करारासंबंधी कोणी सल्ला विचारायला आले, की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: स्टॅम्प पेपर किती रुपयांचा घ्यायचा? त्यापाठोपाठ नोटरी, साक्षीदार आणि सह्या कोणत्या पानावर करायच्या, हे प्रश्न येतात. समोरचा माणूस करार करण्यास कायद्याने सक्षम आहे का, दोघांच्या मनात एकच व्यवहार आहे का, होकार खुशीने दिला गेला आहे का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आपल्या करार कायद्याची मांडणी नेमकी याच्या उलट आहे. ती माणसांच्या संमतीपासून सुरू होते आणि कागदापर्यंत अगदी शेवटी पोहोचते. हा क्रम नीट समजला नाही, तर चांगल्या कागदावर, सुवाच्य अक्षरांत आणि दोन साक्षीदारांसमोर केलेला करारही कुचकामी ठरू शकतो.

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला आणि त्याचा गाभा आजही फारसा बदललेला नाही. वैधतेच्या दृष्टीने त्यातले सर्वांत महत्त्वाचे कलम १० वे. करार करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तींनी मुक्त संमतीने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर उद्देशाने केलेला, तसेच याच कायद्याने स्पष्टपणे शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नसलेला, न ठरवलेला ठराव हा बंधनकारक करार होतो, असे ते कलम सांगते. एवढ्या एका वाक्यात जवळजवळ सगळे घटक आले आहेत. लेखी दस्त, साक्षीदार किंवा नोंदणी ज्या व्यवहारांना अन्य कायद्यांनी आवश्यक केली आहे, त्यांचा उल्लेख त्याच कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे, आणि तोही ते कायदे अबाधित राहतील एवढेच सांगण्यापुरता.

मुळात ठराव जन्माला येतो तो प्रस्ताव आणि स्वीकृती यांतून. एकाने अटी मांडायच्या आणि दुसऱ्याने त्या जशाच्या तशा मान्य करायच्या. ‘जशाच्या तशा’ हे शब्द येथे निर्णायक आहेत. कलम ७ नुसार स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. १८४० सालचा हाइड विरुद्ध रेंच हा इंग्लंडमधील खटला यासाठी नेहमी सांगितला जातो. रेंच यांनी आपली शेतजमीन १००० पौंडांना देऊ केली, हाइड यांनी ९५० पौंड सांगितले आणि ते नाकारले गेल्यावर हाइड यांनी १००० पौंडांना होकार कळवला. न्यायालयाने सांगितले की ९५० चा आकडा उच्चारताच मूळ प्रस्ताव संपला होता, त्यामुळे नंतरच्या होकाराला लागू पडेल असे काही उरलेच नव्हते. घासाघीस करताना हे भान सुटते. किंमत कमी करून मागणे म्हणजे जुना प्रस्ताव हातात राखून ठेवणे, असा आपला समज असतो. कायदा ती मागणी हा नवा प्रस्ताव मानतो.

प्रस्ताव माहीत असल्याशिवाय तो स्वीकारताही येत नाही. लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त या १९१३ च्या खटल्यात मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला होता आणि त्याच्या शोधासाठी मुनीम लालमन यांना पाठवण्यात आले होते. ते गेल्यानंतर मालकाने मुलाला शोधून देणाऱ्यास ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर केले. लालमन यांना मुलगा ऋषिकेशला सापडला, पण बक्षिसाची जाहिरात त्यांना त्या वेळी ठाऊक नव्हती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. माणुसकीच्या नजरेने हा निकाल कठोर वाटतो आणि मलाही तो तसाच वाटतो. तरीही त्यामागचे तत्त्व पक्के आहे: जो प्रस्ताव मनापर्यंत पोहोचलाच नाही, त्याला मनाने होकार दिला असे म्हणता येत नाही.

होकार कोठे आणि केव्हा पूर्ण झाला, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटेल, पण कोणत्या गावच्या न्यायालयात दावा चालेल हे त्यावरून ठरू शकते. टपालाने होकार कळवला, तर पत्र टपालात पडताच प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. होकार देणारा मात्र ते पत्र समोरच्याच्या हाती पडेपर्यंत मोकळा असतो. टेलिफोनचे काय? अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या जिनिंग कारखान्याशी फोनवरून सरकी पेंडीचा सौदा केला आणि पुढे माल न मिळाल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भगवानदास केडिया प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९६५ साली बहुमताने असा निर्णय झाला, की फोनवरचा होकार जेथे ऐकू येतो तेथे करार पूर्ण होतो. म्हणून तो अहमदाबादला झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. कायद्याच्या शब्दांनुसार होकार उच्चारला गेला तेथे, म्हणजे खामगावला करार झाला, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा लिहिला गेला तेव्हा टेलिफोनचा शोधही लागला नव्हता, हे लक्षात घेतले की या मतभेदाचे कारण समजते.

दुसरा घटक मोबदला, कायद्याच्या भाषेत प्रतिफल. केवळ वचन दिले म्हणून ते न्यायालयातून वसूल करता येत नाही. त्या वचनासाठी समोरच्याने काही दिलेले, केलेले, सोडलेले किंवा तसे करण्याचे कबूल केलेले असावे लागते, आणि तेही वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून. १८८० च्या दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव या खटल्यात वादीने जिल्हाधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून स्वखर्चाने बाजारपेठ उभारली होती आणि तेथील व्यापाऱ्यांनी विक्रीवर दलाली देण्याचे कबूल केले होते. ते वचन अंमलबजावणीस अपात्र ठरले, कारण बांधकाम व्यापाऱ्यांच्या इच्छेवरून झालेले नव्हते. याउलट हावड्याच्या टाउन हॉलसाठी १०० रुपये वर्गणीचा आकडा घातलेल्या गृहस्थांना कलकत्ता उच्च न्यायालयाने १८८६ साली ते देण्यास भाग पाडले. त्या वर्गण्यांच्या भरवशावर कंत्राटदाराशी करार झाला होता आणि त्याची देणी अंगावर आली होती.

मोबदला पुरेसा असलाच पाहिजे, अशी मात्र अट नाही. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे: १००० रुपयांचा घोडा कोणी खुशीने १० रुपयांना विकायचे कबूल केले, तर तो करार वैध आहे. व्यवहार शहाणपणाचा आहे की नाही, याचा निवाडा न्यायालय करीत नाही. परंतु किंमत इतकी विसंगत असेल, तर संमती खरोखर मुक्त होती का हे तपासताना न्यायालय त्या विसंगतीकडे अवश्य पाहते. मोबदल्याविना केलेल्या कराराला कलम २५ मध्ये काही अपवाद आहेत. जवळच्या नातलगांनी नैसर्गिक प्रेमापोटी लेखी आणि नोंदणीकृत केलेला करार, पूर्वी स्वेच्छेने केलेल्या कामाची भरपाई करण्याचे वचन आणि मुदतबाह्य झालेले कर्ज फेडण्याचे सही केलेले लेखी वचन, हे त्यांतले प्रमुख.

आता सक्षमतेकडे येतो, कारण सर्वांत मोठे नुकसान येथे होते. कलम ११ नुसार करार करणारी व्यक्ती सज्ञान, सुदृढ मनाची आणि कोणत्याही कायद्याने अपात्र न ठरलेली असावी लागते. अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, व्यक्तीने केलेला करार शून्य असतो, हे १९०३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील भारताच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठामपणे सांगितले. १८९५ च्या जुलैमध्ये कलकत्त्यात धर्मोदास यांनी ब्रह्मो दत्त या सावकाराला २०,००० रुपयांचे गहाणखत लिहून दिले. सही करण्यापूर्वी मुलगा अज्ञान आहे, असे त्याच्या आईच्या वतीने वकिलाने सावकाराच्या माणसाला लेखी कळवले होते. तरीही त्याने मुलाकडून आपण सज्ञान असल्याचे निवेदन लिहून घेतले आणि व्यवहार उरकला. निकाल लागेपर्यंत सावकार हयात नव्हता. गहाणखत रद्द झाले आणि दिलेले पैसे परत मिळवून देण्यासही प्रिव्ही कौन्सिलने नकार दिला. कागद होता, सही होती, वयाबद्दलचे लेखी निवेदनही होते. नव्हती ती फक्त करार करण्याची पात्रता, आणि तिच्याअभावी बाकीचे सगळे निरर्थक ठरले. अज्ञान व्यक्तीला जीवनावश्यक वस्तू पुरवल्या असतील, तर त्यांचा खर्च कलम ६८ नुसार तिच्या मालमत्तेतून मिळू शकतो. तिला व्यक्तिशः जबाबदार धरता येत नाही.

मनाच्या सुदृढतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एरवी मनोरुग्ण असलेली व्यक्तीही ज्या काळात तिचे मन ठिकाणावर असते त्या काळात करार करू शकते. उलट, एरवी सुदृढ असलेली व्यक्ती तापाच्या ग्लानीत किंवा नशेत व्यवहाराचा अर्थ आणि त्याचा आपल्या हितावर होणारा परिणाम समजू शकत नसेल, तर ती त्या वेळी अपात्र असते. वृद्ध आईवडिलांच्या सह्या रुग्णालयातील खाटेवर घेणाऱ्यांनी हे कलम एकदा तरी वाचावे, असे मला मनापासून वाटते.

मुक्त संमती या घटकाला कायद्याने सर्वाधिक कलमे दिली आहेत आणि ते योग्यच आहे. जबरदस्ती, गैरवाजवी प्रभाव, कपट, चुकीचे निवेदन आणि चूक या पाच कारणांनी संमती दूषित होते. मद्रास उच्च न्यायालयापुढे १८८९ साली आलेले एक प्रकरण वाचताना आजही मन अस्वस्थ होते. तेरा वर्षांच्या विधवेने एका मुलाला दत्तक घेण्यास होकार द्यावा, म्हणून नवऱ्याच्या नातलगांनी त्याचे प्रेत अंत्यसंस्कारासाठी घरातून हलवू दिले नाही. तिने होकार दिला. पुढे न्यायालयाने ते दत्तकविधान तिच्यावर बंधनकारक नसल्याचे ठरवले. प्रकरण दत्तकाचे असले तरी संमतीचा अर्थ शिकवताना ते आजही सांगितले जाते. गैरवाजवी प्रभाव इतका उघड दिसत नाही. डॉक्टर आणि रुग्ण, पालक आणि पाल्य, गुरू आणि शिष्य अशा नात्यांत एकाला दुसऱ्यावर वर्चस्व गाजवता येते, आणि तशा स्थितीत झालेला व्यवहार उघडपणे अन्यायकारक दिसत असेल, तर आपण प्रभावाचा गैरवापर केला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी वर्चस्व असलेल्या बाजूवर येते.

उद्देश कायदेशीर असावा आणि अटी निश्चित असाव्यात, या दोन घटकांचा खुलासा थोडक्यात होतो. कायद्याने मनाई केलेल्या, फसवणुकीच्या किंवा सार्वजनिक धोरणाला विरोधी असलेल्या कामासाठीचा ठराव शून्य असतो. नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करू नये, अशी सरसकट अट कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. निश्चिततेबद्दल कायद्यातले उदाहरण पुरेसे बोलके आहे: ‘शंभर टन तेल’ विकण्याचा करार, आणि कोणते तेल हे समजायला काहीच मार्ग नाही. असा करार शून्य असतो.

आता कागद. बहुतेक करार तोंडीही वैध असतात. ई-मेलवर किंवा संकेतस्थळावर झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा आहे म्हणून नाकारता येणार नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मध्ये म्हटले आहे. स्थावर मालमत्तेच्या विक्रीसारख्या काही व्यवहारांना नोंदणीकृत दस्त लागतो आणि तेथे त्याला पर्याय नाही. मुद्रांक शुल्काची गोष्ट मात्र वेगळी आहे. लवाद करारांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १३ डिसेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले, की मुद्रांक नसलेला किंवा अपुरा मुद्रांक असलेला दस्त पुराव्यात दाखल करता येत नाही, पण तेवढ्याने तो शून्य होत नाही. शुल्क आणि दंड भरून तो दोष दूर करता येतो. संमतीतला किंवा पात्रतेतला दोष मात्र कितीही दंड भरला तरी भरून निघत नाही. तोंडी करार सिद्ध करणे अवघड असते, म्हणून लेखी करार करावा हे मीही सांगतो. पण ती पुराव्याची सोय आहे.

शेवटी एक व्यावहारिक मुद्दा, जो माझ्या अनुभवात सर्वांत उशिरा लक्षात घेतला जातो. शून्य करार आणि रद्द करता येण्याजोगा करार यांत फरक आहे. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य असतो. कपटाने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी प्रभावाने मिळवलेला करार मात्र ज्याची संमती दूषित झाली त्याने रद्द करेपर्यंत चालू राहतो, आणि वस्तुस्थिती कळल्यानंतरही त्याने त्या कराराचे लाभ घेत राहिल्यास रद्द करण्याचा अधिकार हातचा जाऊ शकतो. रद्द करणाऱ्याला त्या करारातून मिळालेला लाभ कलम ६४ नुसार शक्य तितका परत करावा लागतो. करार किंवा दस्त रद्द करून मागण्याच्या दाव्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार तीन वर्षांची आहे आणि ज्या वस्तुस्थितीमुळे तो अधिकार मिळतो ती कळल्याच्या दिवसापासून ती मोजली जाते. म्हणून फसवणूक उघडकीस आल्यावर घरच्या मंडळींत चर्चा करण्यात महिने घालवू नयेत. आपल्याला ती कधी आणि कशी कळली याची नोंद त्याच दिवशी करावी, समोरच्याला लेखी नोटीस पाठवावी आणि त्या व्यवहारातून येणारा पुढचा पैसा वकिलाला विचारल्याशिवाय स्वीकारू नये.