आईला बाहेर बसवू नका

नवजात बाळांच्या कक्षाबाहेर नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न असतो, "सिस्टर, बाळाला काचेतून कधी काढणार?" दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या दीड किलोच्या बाळाला पेटीच वाचवते, असा सगळ्यांचा ठाम समज. मी याच कक्षात नोकरी करते. श्वास अडखळला की मशिनच लागतं, हे रोज बघते. पण आईला बाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवण्यात कसलाच उपचार नाही.

त्यातून होतं काय, तर आई बाळाला परकी होते. नाकात नळी, पायाला लाल दिवा, शेजारी सतत वाजणारं मशिन. चार-पाच दिवसांनी तिला आत बोलावलं तर हात लावायलाही घाबरते. मग घरातलंच कोणीतरी म्हणतं, "हिला मायाच नाही." मला याचा फार राग येतो. माया जवळ घेऊन घेऊन वाढते. स्पर्शानं आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं, दूध उतरायलाही तेच लागतं. जिला बाळ जवळच घेऊ दिलं नाही, तिला दोष कसला देता?

बोगोटातल्या डॉक्टरांना हे फार आधी दिसलं होतं. कोलंबियाच्या या राजधानीत, एका सरकारी प्रसूती रुग्णालयात, १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांच्याकडे पेट्या अपुऱ्या होत्या. एकीत दोन-दोन बाळं, जंतुसंसर्गानं ती दगावायची. शिवाय बाळापासून लांब ठेवलेल्या काही आया त्याला तिथंच सोडून जायच्या. म्हणून बाळं आईच्या छातीवर उघड्या अंगाला लावून बांधायला त्यांनी सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. टंचाईतून निघाली म्हणून बरीच वर्षं ती गरिबांचा इलाज समजली गेली.

तो समज खोडणारा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपल्या दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक ते पावणेदोन किलोंच्या आसपासची ३,२११ बाळं. त्यातल्या साधारण निम्म्यांना तब्येत स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर कांगारू सुरू, आईची खाट त्याच कक्षात. अशा बाळांपैकी २८ दिवसांत १२ टक्के दगावली. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १५.७ टक्के होतं. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. उरलेल्या बाळांना यापासून वंचित ठेवणं योग्य नव्हतं.

आणि जगण्यापुढचंही बघा. बोगोटात १९९० च्या दशकात अभ्यासलेली बाळं वीस वर्षांनी पुन्हा शोधली, तेव्हा कांगारूत वाढलेल्यांमध्ये आक्रमकपणा आणि अतिचंचलपणा कमी होता, शाळाही कमी बुडली होती. इस्रायलमध्ये संशोधक रूथ फेल्डमन यांनी आयांना रोज एक तास, असं चौदा दिवस बाळ छातीशी धरायला लावलं. दहा वर्षांनी त्या मुलांची झोप आणि ताण पेलण्याची ताकद बरी होतीच, आई-मुलाचं एकमेकांशी वागणंही जास्त जुळलेलं होतं.

आई आजारी असेल तर? तर बाप आहे की. सिझेरियननंतर रक्तदाब चढलेली एक बाई दुसऱ्या वॉर्डात होती. नवऱ्याला आत घेतलं तशी आजी म्हणाली, "गडी माणसाला काय जमतंय? आणि उघड्या अंगानं गार लागंल लेकराला." तिला सांगितलं, आजी, माणसाच्या अंगासारखी ऊब शेगडीला नाही. त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, शर्टाची बटणं सोडायला लावली. बाळाला फक्त टोपडं, मोजे, लंगोट. छातीच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून सुती पट्टा. पहिली काही मिनिटं तो श्वास घ्यायलाही बिचकत होता. हळूहळू बाळाचे ठोके संथ झाले, ऑक्सिजनचा आकडा ९५ वर टिकला. "बोलू का त्याच्याशी?" म्हणाला. बोला म्हटलं. दुसरं काही सुचेना, म्हणून सोयाबीनच्या पेरणीचं सांगायला लागला. बाळानं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून वेळेआधी आला, नखं कापून.

नवा कक्ष बांधताना बाळांना ऊब देणारे वॉर्मर किती बसतील याचा हिशोब होतो, तसाच आईच्या खाटेचा व्हायला हवा. सरकारी असो वा खासगी, नातेवाइकांनीही हे मागायला शिकावं.

डिस्चार्ज मिळाला की कांगारू संपत नाही. घरी गेल्यावर आई थकली तर बाबा, आजी, मावशी, जो धडधाकट असेल त्यानं हात धुऊन पाळीपाळीनं घ्यावं. सर्दी-खोकला असलेल्यानं लांब राहावं. साधारण अडीच किलोच्या आसपास बाळ आपणच वळवळ करून, पाय झाडून पट्ट्याबाहेर यायला बघतं. तोवर चालू ठेवा.