उसना सरळपणा

पूर्ण झालेल्या जहाजाच्या प्रतिकृतीचा फोटो पाहताना नजर आधी शिडांवर जाते, मग दोरांच्या जाळ्यावर, मग एवढ्या-एवढ्याशा तोफांवर. ज्या शिकंज्यात ते जहाज कित्येक महिने उभं होतं, त्याचा त्या फोटोत मागमूस नसतो. बहुतेक किटच्या डब्यात तो येतही नाही. सूचनांच्या पुस्तिकेत एक ओळ असते : बल्कहेड कण्याच्या खाचांत बसवा आणि चिकटवा. कणा धरायचा कशात, तो सरळ उभा आहे हे ओळखायचं कसं, याबद्दल इटलीत नाहीतर स्पेनमध्ये बसून ती पुस्तिका लिहिणारा माणूस अवाक्षर काढत नाही.

कणा म्हणजे जहाजाची कील. खऱ्या जहाजात ती एकापुढे एक जोडलेल्या दणदणीत लाकडांची असते. किटमध्ये ती चार-पाच मिलिमीटर प्लायची, लेझरने कापलेली एक लांब पट्टी असते. तिला वरून खाचा असतात, प्रत्येक खाचेत एक आडवा पाट बसतो, तो बल्कहेड. सगळे पाट बसले की जहाजाचा सांगाडा तयार. अडचण एवढीच, की ही पट्टी स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. डाव्या हाताने ती धरली आणि उजव्या हाताने पाट बसवला, तर काटकोन तपासायचा गुण्या लावायला तिसरा हात हवा. शिवाय फेव्हिकॉल वाळेपर्यंत तिन्ही हात जागचे हलता कामा नयेत.

हा तिसरा हात तयार विकत मिळतो. पण परदेशातून एक लाकडी फळी आणि दोन पट्ट्या मागवायच्या, वर कुरिअर आणि कस्टमचे पैसे भरायचे, हे माझ्या पुणेरी मनाला काही पटलं नाही. वस्तू तशी साधी. तळाला १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा तुकडा, कण्यापेक्षा चारेक इंच लांब. एमडीएफ पाण्याला घाबरतो हे खरं, पण सपाटपणात तो प्लायपेक्षा जास्त विश्वासाचा. त्याच्यावर मधोमध पेन्सिलची एक रेघ. रेघेच्या एका अंगाला ॲल्युमिनियमचा एल अँगल स्क्रूने कायमचा बसवायचा. दुसऱ्या अंगाला तसाच अँगल, पण त्याची भोकं कानसीने लांबट केलेली, म्हणजे तो रेघेकडे सरकतो आणि रेघेपासून दूरही जातो. खालून बोल्ट, वर विंग नट. बोल्टाचं डोकं तळाच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर सगळी फळीच टेबलावर डुगडुगते. कणा दोन अँगलच्या मधे उभा करायचा, सरकता अँगल भिडवायचा, नट आवळायचे. झाला शिकंजा.

अँगल मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत घेतला. तिथे मी एक डोळा मिटून एकेक पट्टी बंदुकीसारखी रोखून पाहत होतो. तीन बाजूला ठेवल्या, चौथी उचलली, तेव्हा दुकानातल्या पोराचा धीर संपला.

"काका, खिडकीलाच लावणार ना? मग एवढं काय बघता?"

जहाजासाठी हवाय, म्हणालो. त्याने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पट्टी निवडायला एवढा वेळ घालवावा लागतो, कारण पुढच्या सगळ्या सरळपणाचं माप तिथूनच निघतं. कणा तिला टेकून उभा राहणार, पाट कण्याला काटकोनात बसणार, फळ्या पाटांवरून जाणार. अँगलला बाक असेल तर तो बाक पुढे प्रत्येक टप्प्याला मान डोलवत हजर असतो. आतल्या दोन्ही अंगांना सेलोटेप लावून घ्यावा. फेव्हिकॉल ओघळतो, तळाच्या एमडीएफला धरतो, आणि मग जहाज शिकंज्यासकट समुद्रपर्यटनाला निघतं. पट्ट्यांची उंचीही बेताची हवी. फळ्यांची कड कण्याला जिथे मिळते त्या रेषेच्या खालीच शिकंज्याची पकड संपली पाहिजे, नाहीतर नेमकी कामाची जागाच झाकली जाते.

पण शिकंजा कण्याला सरळ धरतो, सरळ करत नाही. हे कळायला कणा एकदा आडवा ठेवून पाहावा लागतो आणि आमच्या घरातली सगळ्यात सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. जुलैतली हवा. कणा ओट्यावर ठेवला की एक टोक खाली टेकतं आणि दुसरं किंचित उचललेलं राहतं. खालून पोस्टकार्ड सरकवलं तर ते अलगद आत जातं. प्लाय हवेतला ओलावा पितो, दोन्ही अंगांनी सारखा पीत नाही, आणि ज्या अंगाने जास्त प्यायला ते अंग फुगतं. मग दुसऱ्या अंगाला ओलं फडकं फिरवायचं आणि शब्दकोशाचे खंड रचून ठेवायचे.

"अहो, ते उचला आता. पोळ्या लाटायच्यात मला."

"रात्रभर राहिलं असतं तर—"

"रात्री दही लावायचंय."

शब्दकोश उचलल्यावर निम्माअधिक बाक गेलेला असतो, थोडा राहतोच. तो शिकंज्यात घातला, नट आवळले, की कणा सुतासारखा सरळ. नट सैल केले, की हळूच पूर्वपदावर. म्हणजे शिकंज्यातला सरळपणा उसना असतो. तो परत करायच्या आत जहाजाने स्वतःचा कमवायचा, एवढीच मुदत आपल्याला मिळते. पाट चिकटले, पुढच्या आणि मागच्या पाटांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाचे ठोकळे घट्ट बसले, वरचा डेक बसला, दोन्ही अंगांनी पहिल्या फळ्या चढल्या, की मग नट सैल करायची भीती नाही. स्लॅबखालचं सेंटरिंग बिल्डर काढतो तो याच हिशेबाने. घाई केली तर काय होतं, हे त्याच्या बाबतीत पेपरात येतं, आमच्या बाबतीत येत नाही.

खऱ्या जहाजांचं याहून वेगळं नसतं, हे मला उशिरा कळलं. मुंबईच्या गोदीत मे १८१६ मध्ये ट्रिंकोमाली या ब्रिटिश फ्रिगेटचा, म्हणजे युद्धनौकेचा कणा ठेवला गेला, तेव्हा मुख्य जहाजबांधणीकार जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी त्यात कोरीव अक्षरांचा चांदीचा खिळा ठोकला. जहाजाचं भलं व्हावं म्हणून ही पारशी रीत. मलबारी सागाचं ते जहाज १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. त्याचे आराखडे मात्र पहिल्या खेपेला मुंबईला पोचलेच नव्हते. ते जावा नावाच्या ब्रिटिश जहाजावरून निघाले होते आणि त्या जहाजाला डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने गाठून नष्ट केलं. दुसरी प्रत पाठवावी लागली. त्याच जावावर थॉमस हिस्लॉप नावाचा सेनाधिकारी मुंबईच्या वाटेवर होता. तो या तडाख्यातून वाचला आणि डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला. हे विषयांतर झालं, पण जहाजांच्या नादी लागलं की असंच होतं : कण्यावरून सुरुवात करावी आणि माळव्यात जाऊन पोचावं.

तर हे कॉन्स्टिट्यूशन. जावाला नष्ट करणारं हे जहाज स्वतः मात्र म्हातारपणी कण्याने वाकलं. लाकडी जहाजाच्या दोन्ही टोकांना पोटाच्या मानाने पाण्याचा आधार कमी मिळतो. वर्षानुवर्षं टोकं खाली झुकतात आणि मधला भाग कमानीसारखा उचलला जातो. १९९२ मध्ये ते बोस्टनच्या कोरड्या गोदीत घेतलं तेव्हा हा उचल फूटभराहून जास्त होता. आधाराच्या ठोकळ्यांवर जहाज बसलं आणि स्वतःच्या वजनाने कणा हळूहळू खाली आला. मग मूळ रचनाकार जोशुआ हम्फ्रीज यांनी योजलेले आतले तिरके आधार परत बसवले, म्हणजे जहाज पाण्यात गेल्यावर तो सरळपणा टिकावा. या आधारांचा किती उपयोग होईल हे तपासायला १:१६ प्रमाणाची एक प्रतिकृती वापरली होती. हे वाचलं त्या दिवशी मी ओट्यावरचा हक्क जरा जोरात सांगितला. उपयोग झाला नाही.

एक फरक नोंदवायला हवा. खरा कणा उभ्या दिशेने वाकतो. प्लायची पट्टी त्या दिशेने उंच असते, त्यामुळे ती तशी वाकत नाही. ती डावी-उजवीकडे वाकते. दुखणं वेगळं, हिशेब मात्र गंमतशीर. ट्रिंकोमालीच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट. १:९६ प्रमाणात ती पावणेएकोणीस इंच होते, म्हणजे माझ्या शिकंज्यात आरामात मावते. पण त्याच प्रमाणात कॉन्स्टिट्यूशनचा फूटभर उचल तीन मिलिमीटरांहून थोडासाच जास्त भरतो. ओट्यावर पोस्टकार्डं सरकवताना जो बाक मी 'किरकोळ' म्हणून सोडून देतो, तो खऱ्या जहाजावर गोदीतल्या सुतारांची झोप उडवणारा असतो.

आणि इंग्लंडमध्येच पोर्ट्समथला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं व्हिक्टरी हे जहाज आहे. ते १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ शिकंज्यातच म्हणा ना. पाणी जहाजाला सगळीकडून उचलून धरतं. जमिनीवर तसं कोण धरणार? जुन्या पोलादी आधारांवर त्याचं पोट बसायला लागलं. अलीकडे ते आधार काढून १३४ पोलादी टेकू लावले, आणि कुठल्या टेकूवर किती भार येतोय हे मोजायची सोय केली. व्हिक्टरीला उसना सरळपणा परत करायचा प्रश्न नाही. त्याचं कर्ज कायमचं माफ आहे.

आपलं तसं नसल्यामुळे कामाला लागावं लागतं. पाट प्रथम कोरडेच बसवून पाहायचे. खाच घट्ट असेल तर कानस मारायची, ठोकायचं नाही, कारण ठोकून बसवलेला पाट कण्याला आपल्या बाजूला ओढतो. चिकटवताना पाटाच्या दोन्ही अंगांना गुण्या. नातवंडांचे लेगोचे ठोकळे असतील तर तेच लावावेत. त्यांचे कोन बाजारातल्या स्वस्त गुण्यांपेक्षा बरे असतात. मुलांना विचारून घ्यावेत, एवढं पथ्य. मग पहिल्या आणि शेवटच्या पाटावर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून, नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या बाजूने, डोळा पट्टीच्या उंचीवर आणून पाहायचं. जवळच्या पट्टीच्या कडेमागे दूरची कड पूर्ण झाकली गेली तर सांगाडा पिळलेला नाही. एका बाजूला तिचं टोक डोकावलं, तर आहे. या तपासणीला पैसे लागत नाहीत, बॅटरी लागत नाही, आणि एखाद्या महागड्या उपकरणापेक्षा माझा हिच्यावर जास्त भरवसा आहे. शिवाय नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत शिवणाचा दोरा ताणून बांधावा आणि प्रत्येक पाटाचा मध्य त्याखाली येतो का हे बघावं.

फळ्यांच्या वेळी शिकंज्याची खरी परीक्षा होते. वाफेने किंवा पाण्याने वाकवलेली फळी वाळताना ताणते. डावीकडे एक लावली की उजवीकडे एक लावायची, परत डावीकडे. आळसाने एका अंगाला चार-पाच उरकल्या की सगळा सांगाडा त्या अंगाकडे वळतो, आणि मग शिकंजा कितीही आवळा, तो फक्त तळ धरून ठेवतो. वरचं पिळायचं ते पिळतंच. म्हणजे शिकंज्याला सगळं कळतं असं नाही. त्याला आपल्या दोन पट्ट्यांमधलंच कळतं.

शेवटी अशी वेळ येते की फळ्या खाली सरकत सरकत अँगलच्या अगदी जवळ येऊन ठेपतात. आता एक तर शिकंजा राहील नाहीतर फळी. नट एकेक करून, थोडे थोडे सैल करायचे आणि जहाज उचलून घ्यायचं. पुढचं काम ते उलटं करून, मांडीवर नाहीतर फेसाच्या ठोकळ्यात ठेवून. हात आधी बिचकतो. मग ओटा रिकामा आहे ना, हे पाहून कणा त्याच्यावर टेकवायचा आणि पोस्टकार्ड घ्यायचं. माझ्या सध्याच्या स्कूनर जातीच्या शिडाच्या जहाजाखाली ते एका टोकाला जेमतेम गेलं. मी गप्प बसलो.

रिकामा झालेला शिकंजा टेबलावर पडून होता. बायकोने तो उचलून स्वयंपाकघरात नेला, पट्ट्यांमध्ये टॅब उभा केला, नट आवळले आणि पाककृतीचा व्हिडिओ लावला. टॅब काटकोनात उभा राहिला, आणि ओट्याशी उभ्या माणसाला त्यात ट्यूबलाइट सोडून काही दिसेना.

"जरा मागे कलता होत नाही का हा?"

"नाही."

"मग काय उपयोग याचा?" असं म्हणून तिने टॅब साखरेच्या डब्याला टेकवला.