पेटच्या प्रतिमेपेक्षा तिची फाइल मिळवणे अवघड

पेट स्कॅनची, म्हणजे शरीरात दिलेल्या किरणोत्सर्गी औषधाचा माग काढणाऱ्या तपासणीची, प्रतिमा धूसर का येते, याची कारणे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. औषधातून निघालेला पॉझिट्रॉन (धनभारित इलेक्ट्रॉन) नष्ट होण्यापूर्वी ऊतीत थोडा भटकतो, त्यानंतर निघणारे दोन फोटॉन नेमक्या १८० अंशांत जात नाहीत आणि डिटेक्टरांच्या कड्याच्या मध्यापासून दूरच्या जागेवरून आलेले फोटॉन क्रिस्टलमध्ये तिरपे शिरतात. ८० सेंमी व्यासाच्या कड्यात केवळ कोनातील फरकामुळे सुमारे १.८ मिमी धूसरता येते. ही धूसरता बिंदुस्रोतावर मोजून रिकन्स्ट्रक्शनच्या (नोंदींवरून प्रतिमा उभारण्याच्या) गणितातच घालणे, म्हणजे पीएसएफ मॉडेलिंग, हे माझ्या प्रबंधाचे काम होते. १९९४ सालापासून प्रचलित असलेली ओसेम ही रिकन्स्ट्रक्शनची पद्धत आणि स्टर ही मुक्त संगणक प्रणाली हाताशी असल्याने प्रोग्रॅम विनासायास तयार झाला.

घोडे अडले ते कच्च्या डेटापाशी. यंत्राच्या कन्सोलवरून डायकॉम या प्रमाणित वैद्यकीय स्वरूपातील प्रतिमा हव्या तितक्या घेता येतात, पण त्या आधीच रिकन्स्ट्रक्ट होऊन फिल्टरमधून गेलेल्या असतात. मला हवी होती लिस्ट-मोड फाइल, जिच्यात प्रत्येक फोटॉन-जोडीची नोंद असते, आणि तिच्यासोबत त्या काळात लागू असलेली नॉर्मलायझेशन फाइल, जी डिटेक्टरांच्या संवेदनशीलतेतील फरक भरून काढते. यंत्राच्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरने तिच्या ॲप्लिकेशन विभागाकडे बोट दाखवले, त्या विभागाने संशोधन करार मागितला, आणि कराराचा मसुदा आल्यावर रुग्णालयाच्या विधी विभागाने परदेशी न्यायालयाच्या कलमावर हरकत घेतली. या टोलवाटोलवीत यंत्र आमचे, फॅन्टम (रुग्णाऐवजी स्कॅन करायची चाचणी-प्रतिकृती) आमचे आणि डेटात एकाही रुग्णाचे नाव नाही, हे कोणालाच महत्त्वाचे वाटले नाही. अर्जातील 'रुग्णसंख्या' या रकान्यात मी शून्य लिहिले, तर रकाना भरलेला नाही असा शेरा मारून अर्ज परत आला! दरम्यान कन्सोलची डिस्क भरली की जुना कच्चा डेटा आपोआप पुसला जात असल्याने माझे पहिले मोजमापही गेले. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटांचे, त्यामुळे शेवटचा रुग्ण गेल्यावर उरलेल्या एफडीजीचा (फ्लोरिन-१८ असलेल्या पेटच्या औषधाचा) थेंब केशनलिकेत ओढायचा, तिची टोके बंद करायची आणि ती कड्यात ठरलेल्या अंतरांवर बसवायची, हा संध्याकाळचा खटाटोप पुन्हा करावा लागला. ज्यांना परवानगीसह सोडियम-२२चा बिंदुस्रोत मिळू शकतो, त्यांनी तोच वापरावा. त्याचे अर्धायुष्य २.६ वर्षे असल्याने घड्याळाकडे पाहावे लागत नाही. करारावर अखेर सही झाली, आणि तेव्हा कळले की फाइलची रचना समजावणाऱ्या दस्तऐवजासाठी स्वतंत्र विनंती करावी लागते. ही विनंती करारासोबतच करावी, आणि प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी करार मार्गी लावावा.

फाइल हाती आल्यावर निकाल लवकर आला. नेमा या मानकानुसार बनवलेल्या फॅन्टममधील १० मिमीचा सर्वांत लहान गोल, जो पूर्वी पार्श्वभूमीत जवळजवळ विरून जात होता, तो स्पष्ट वेगळा दिसला, आणि त्या दिवशी मी विभागातील प्रत्येकाला स्क्रीनसमोर आणून उभे केले. मोठ्या गोलांच्या कडांवर मात्र प्रत्यक्षाहून अधिक तेजस्वी वलय उमटते आणि लहान गोलांतील मूल्य फुगू शकते. कंपनीच्या स्वतःच्या पीएसएफ पर्यायालाही हे लागू आहे, म्हणून जुना स्कॅन साध्या ओसेमने केलेला असेल, तर उपचारांचा परिणाम ठरवताना नवा स्कॅनही त्याच पद्धतीने पुन्हा रिकन्स्ट्रक्ट करावा. अन्यथा आजार वाढल्याचा भास होऊ शकतो. त्यासाठीही कच्चा डेटा पुसला जाण्याआधी बाजूला काढून ठेवलेला असावा लागतो.